चांदी कशासाठी? संत बर्नवर्ड यांची जीवनकथा



चर्चसाठी एखादी मौल्यवान वस्तू घ्यायची ठरली, की कोणत्याही धर्मग्रामात दोन मते पडतात. एका बाजूचे म्हणतात, प्रभूच्या वेदीवर उत्तमातले उत्तम असावे. दुसऱ्या बाजूचे विचारतात, गावात गरजू असताना चांदी कशाला हवी? दोन्ही बाजूंची माणसे श्रद्धावान असतात आणि दोन्ही बाजू बायबलचाच आधार घेतात. एका हजार वर्षांपूर्वीच्या बिशपने या प्रश्नाचे उत्तर आपल्या रोजच्या दिनक्रमातून दिले होते. ते स्वतः चांदीच्या कामातले जाणकार होते. २० नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. जर्मनीतील हिल्डेसहाइम या नगराचे बिशप संत बर्नवर्ड हे सोनार-कारागिरांचे आश्रयदाते संत मानले जातात. या रविवारी त्यांची ओळख करून घेऊ या.

घोड्यावरची शाळा

बर्नवर्ड यांचा जन्म सुमारे ९६० साली सॅक्सनीतील एका सरदार घराण्यात झाला. त्यांना हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रल शाळेत घालण्यात आले. तेथे थांगमार नावाचे धर्मगुरू शिक्षक होते. शिष्याचे चरित्र लिहिण्याची वेळ गुरूवर क्वचितच येते, पण बर्नवर्ड यांच्याबाबत तसे घडले. त्यांच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे थांगमार यांच्या नावावर असलेल्या लॅटिन चरित्रातून आले आहे.

थांगमार या मुलाला आपल्याबरोबर प्रवासाला नेत. वाटेत दोघांचे वाचन चाले, पद्यरचना होई, तर्कशास्त्रावर वाद रंगे. घोड्यावर बसूनच दिवसभराची शाळा होत असे. पण या मुलाचे मन केवळ पुस्तकांत रमणारे नव्हते. सुंदर अक्षर काढणे, चित्रे रंगवणे, धातू वितळवून घडवणे, खड्यांना कोंदण करणे, इमारतीचा आराखडा आखणे, या सगळ्यांत त्याचे लक्ष असे. सरदाराच्या मुलाने भट्टीजवळ बसून हात काळे करावेत, ही त्या काळी नेहमीची गोष्ट नव्हती. पण मठांच्या परंपरेत हाताच्या कामाला मान होता. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत प्रार्थनेबरोबर श्रमाचा तास ठरलेला आहे आणि मठातली साधी अवजारेही वेदीवरच्या पात्रांइतक्याच काळजीने हाताळावीत अशी अपेक्षा आहे.

राजपुत्राचा शिक्षक

९८७ मध्ये बर्नवर्ड राजदरबारी गेले. राजा ऑटो तिसरा तेव्हा अवघा सात वर्षांचा होता. वडील वारलेले, राज्यकारभार आई थिओफानू पाहत होती. ती पूर्वेकडील बायझंटाइन साम्राज्यातून सून म्हणून आलेली. बर्नवर्ड यांची नेमणूक या बालराजाचे शिक्षक म्हणून झाली.

दरबारात त्यांना पूर्वेकडचे मिनाकाम, कोरीव हस्तिदंत, रेशमी वस्त्रे पाहायला मिळाली. देशोदेशीच्या भेटी राजाकडे येत. त्यात समुद्रापलीकडून, आयर्लंडसारख्या दूरच्या देशांतून आलेली पात्रे असत. एरवी अशा वस्तू पाहायच्या आणि कोठारात ठेवून द्यायच्या. बर्नवर्ड मात्र हुशार मुलांना बरोबर घेत आणि त्या वस्तूंपुढे बसवून अभ्यास करायला लावत. हे कसे घडवले असेल? डाग कुठे दिला असेल? आपल्याला जमेल का? दरबारात जाताना किंवा लांबच्या प्रवासाला निघतानाही चुणचुणीत पोरे त्यांच्याबरोबर असत. स्वतःची कला आपल्यापाशीच दडवून ठेवणारे कारागीर सगळीकडे असतात. बर्नवर्ड यांनी कला वाटली.

बिशपांचा एक दिवस

१५ जानेवारी ९९३ रोजी बर्नवर्ड यांचा हिल्डेसहाइमचे बिशप म्हणून अभिषेक झाला. तो मेन्झचे आर्चबिशप विलिगिस यांच्या हस्ते झाला. काळ धामधुमीचा होता. उत्तरेच्या समुद्रातून येणारे लुटारू नद्यांमधून आत शिरत आणि गावे जाळत. त्यामुळे नव्या बिशपांना आधी तटबंदी आणि गढ्या बांधाव्या लागल्या.

अशा धकाधकीत त्यांचा दिवस कसा जात असे, ते चरित्रात क्रमाने दिले आहे. आमच्या मते संपूर्ण चरित्राचे मर्म या क्रमात आहे. सकाळी ते मिस्सा अर्पण करीत. त्यानंतर लोकांचे तंटे आणि गाऱ्हाणी ऐकत व निवाडा देत. मग दानधर्माचे काम पाहणारा धर्मगुरू येई. रोज शंभर किंवा त्याहूनही अधिक गोरगरिबांना पोटभर जेवण दिले जाई आणि अनेकांना जमेल तसे पैसे व इतर मदत मिळे. हे सारे आटोपल्यावर बिशप कार्यशाळांकडे वळत. वेगवेगळ्या धातूंचे काम जिथे चाले तिथे फिरून ते प्रत्येकाचे काम पारखून पाहत. दुपार कलल्यावर, नवव्या प्रहरप्रार्थनेच्या वेळेला, ते जेवायला बसत आणि जेवतानाही धार्मिक वाचन चालू असे.

बंधुभगिनींनो, हा क्रम लक्षात घ्या. वेदी, न्याय, गरिबांची पंगत आणि मग चांदीची कार्यशाळा. बिशपांचा कार्यशाळेकडे जाणारा रस्ता रोज गरिबांच्या पंगतीवरून जात होता. भुकेल्याला उठवून लावून तिथे भट्टी पेटवलेली नव्हती. त्याचबरोबर, गरिबांना जेवू घातले म्हणजे वेदी ओकीबोकी राहिली तरी चालेल, असेही त्यांनी मानले नाही. स्वतः मात्र ते सर्वांत शेवटी जेवत.

चांदीचे काम कसे चाले?

या कार्यशाळांत काय चालत असेल? सॅक्सनीत दहाव्या शतकात चांदीच्या खाणी सुरू झाल्या होत्या. हार्झ पर्वतातील गोस्लारजवळची रामेल्सबर्ग ही खाण हिल्डेसहाइमपासून फार दूर नव्हती. अंधाऱ्या बोगद्यांत अनामिक मजुरांनी फोडलेला दगड भट्टीत जाई. त्यातून निघालेल्या चांदीची नाणी पडत आणि काही चांदी वेदीसाठी येई.

चर्चच्या भांड्यांचे काम कसे करीत, याची सविस्तर माहिती थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका धर्मगुरूने बर्नवर्ड यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहून ठेवली. मुशीत चांदी वितळवून शुद्ध करायची. पवित्र चषक करायचा तर चांदीचा तुकडा ऐरणीवर ठेवून मधल्या भागापासून कडेकडे ठोकत न्यायचा, म्हणजे हळूहळू वाटीचा आकार येतो. ठोकून ठोकून चांदी कडक झाली की पुन्हा आगीत तापवून मऊ करायची आणि पुन्हा ठोकायची. बूड वेगळे घडवायचे आणि मधली गाठ बसवून दोन्ही जोडायचे. काळी नक्षी हवी असेल तर चांदी, तांबे, शिसे आणि गंधक यांची काळी पूड करून ती कोरलेल्या रेषांत भरायची आणि तापवायची. पूड वितळून रेषांत बसते आणि पांढऱ्या चांदीवर काळे चित्र उमटते. मुलाम्यासाठी सोने पाऱ्यात मिसळून लावायचे आणि आगीवर पारा उडवून लावायचा, म्हणजे सोने चांदीला धरून राहते. पाऱ्याची वाफ विषारी असते. कारागिरांनी वेदीसाठी आपली प्रकृतीही पणाला लावली होती, याची आठवण सोनेरी झळाळी पाहताना ठेवायला हवी.

ओतकामाची पद्धत निराळी. आधी मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती लिंपायची आणि ती भाजायची. मेण वितळून निघून जाते आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेली चांदी ओततात. माती फोडली की मेणाचा आकार चांदीत उभा असतो. या विद्येत बर्नवर्ड यांच्या कार्यशाळेचा हात धरणारे त्या काळी फार थोडे होते. त्यांच्या नात्यातले एर्कानबाल्ड हे फुल्डा येथील मठाचे मठाधिपती झाले. त्यांच्या दंडाची चांदीची मूठ आजही टिकून आहे. तिच्या वळणदार टोकात आदाम आणि एवा आहेत. खालच्या गाठीवर स्वर्गबागेतल्या चार नद्या माणसांच्या रूपात बसल्या आहेत. हातात मावणाऱ्या चांदीत उत्पत्तीच्या पुस्तकातले एक पानच कोरलेले आहे.

त्या अनामिक मुलाची शमादाने

बर्नवर्ड यांच्या नावाशी जोडलेल्या चांदीच्या वस्तूंत सर्वांत प्रसिद्ध आहेत ती मेणबत्त्या लावण्याची दोन शमादाने. ती साधारण हातभर उंचीची आहेत. तळाशी अक्राळविक्राळ प्राण्यांवर बसलेली माणसे दिसतात. वर दांड्याभोवती वेलींचे वळसे आहेत आणि त्या वेलींतून माणसे, पशू, पक्षी वर वर चढत चालले आहेत. अगदी टोकाला, जिथे मेणबत्ती जळते, तिथवर त्यांची चढण चालू आहे. खाली अंधार आणि श्वापदे, वर ज्योत. सारी सृष्टी प्रकाशाकडे ओढ घेत आहे, असा बोध पाहणाऱ्याला सहज होतो.

या शमादानांवर एक लॅटिन लेख आहे. बिशप बर्नवर्ड यांनी ही कला नुकतीच बहरत असताना आपल्या मुलाकडून, म्हणजे शिकाऊ कारागिराकडून, हे काम ओतवून घेतले, असा त्याचा आशय आहे. ते सोन्याचेही नाही आणि चांदीचेही नाही, असेही लेख सांगतो. वास्तविक त्यातला मुख्य धातू चांदीच आहे आणि वर मुलाम्याच्या खुणा आहेत. मग लेखात असे का म्हटले असेल? विद्वानांनी याचे निरनिराळे अर्थ लावले आहेत. आम्हाला त्यातला एक अर्थ भावतो. या वस्तूचे मोल तिच्या धातूवरून करू नका, असे बिशप सुचवत असावेत.

त्या मुलाचे नाव लेखात नाही. पण एवढ्या मोठ्या बिशपने आपल्या नावाशेजारी एका शिकाऊ पोराच्या हाताची नोंद कायमची करून ठेवली. शिष्याचे श्रेय गुरूने खाण्याची रीत आजही संपलेली नाही. म्हणून ही नोंद आम्हाला मोलाची वाटते. ही शमादाने बिशपांबरोबर त्यांच्या थडग्यात ठेवली होती, असे परंपरा सांगते.

आणखी एक छोटा चांदीचा क्रूस आहे. त्यावर प्रभूचे मस्तक एका बाजूला कलले आहे. त्याच्या पाठीवर तो बिशप बर्नवर्ड यांनी केला असे कोरले आहे. त्या काळच्या लॅटिनमध्ये केला म्हणजे करवून घेतला, असाही अर्थ होई. हात कोणाचा हे आज सांगता येत नाही, हेतू मात्र त्यांचाच होता.

रोम, वाद आणि पितळी दरवाजे

बर्नवर्ड यांच्या आयुष्यात कटू प्रसंगही आले. गांडर्सहाइम येथील व्रतस्थ स्त्रियांचा मठ कोणत्या बिशपांच्या अधिकारात येतो, यावरून त्यांचा ज्यांनी त्यांना अभिषेक केला त्या आर्चबिशप विलिगिस यांच्याशी वाद पेटला. दाद मागण्यासाठी बर्नवर्ड हिवाळ्यात आल्प्स पर्वत ओलांडून रोमला गेले. १००१ च्या सुरुवातीला ते तिथे आपल्या जुन्या शिष्याजवळ, आता सम्राट झालेल्या ऑटोजवळ, राहिले. पुढच्याच वर्षी ऑटो अवघ्या एकविसाव्या वर्षी वारला. मठाचा वाद मिटायला १००७ साल उजाडले. अखेर आर्चबिशपांनी आपला दावा सोडला.

रोमच्या वास्तव्यात बर्नवर्ड यांनी सम्राट ट्रेजनचा विजयस्तंभ पाहिला. त्याच्या अंगावर खालून वर वळत जाणारी युद्धाची चित्रे आहेत. परतल्यावर काही वर्षांनी त्यांनी तसाच सुमारे पावणेचार मीटर उंचीचा ब्राँझचा स्तंभ ओतवून घेतला. पण त्यावर लढाया नव्हत्या. प्रभू येशूच्या बाप्तिस्म्यापासून यरुशलेमेतील प्रवेशापर्यंतचे प्रसंग तिथे वळत वर जातात. सम्राटाच्या विजयाच्या जागी सेवेचा विजय आला.

१०१५ मध्ये ब्राँझचे दोन भव्य दरवाजे तयार झाले. प्रत्येकाची उंची सुमारे ४.७२ मीटर असून प्रत्येक फळी एकसंध ओतलेली आहे. एकूण चित्रे सोळा. डाव्या फळीवर वरून खाली मानवाच्या निर्मितीपासून काइनाने केलेल्या भावाच्या हत्येपर्यंतची घसरण आहे. उजव्या फळीवर खालून वर, मरियेला दूताने दिलेल्या संदेशापासून पुनरुत्थित प्रभूच्या दर्शनापर्यंतची चढण आहे. समोरासमोरची चित्रे जुळवून पाहावीत अशी योजना आहे. निषिद्ध फळाच्या झाडासमोर क्रूसाचे झाड येते. बाळाला पाजणाऱ्या एवेसमोर मांडीवर बाळ येशूला घेतलेली मरिया येते. देव जाब विचारतो त्या चित्रात आदाम एवेकडे बोट दाखवतो आणि एवा सर्पाकडे. स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलण्याची आपली सवय हजार वर्षांपूर्वी त्या कारागिराने अचूक पकडली आहे. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही हे दरवाजे बायबल सांगत होते.

मूळ प्रश्नाकडे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आम्ही पाठ केली होती. त्याने उपादान कारणासाठी दिलेल्या उदाहरणांत चांदीचे भांडे आहे. भांडे कशाचे? चांदीचे, हे उपादान कारण. त्याचा घाट कसा? हे आकारिक कारण. घडवले कोणी? सोनाराने, हे निमित्त कारण. आणि कशासाठी? हे प्रयोजन कारण. चारही कारणांत प्रयोजनाला मोठा मान, कारण सोनार हातोडी उचलतो तोच काही हेतू मनात धरून.

चर्चमधल्या चांदीविषयीचा वाद आपण बहुधा पहिल्या कारणापाशी अडकवतो. ती चांदी आहे की पितळ, किती तोळे, किती रुपये? बर्नवर्ड यांचे जीवन आपल्याला चौथ्या कारणापाशी नेते. ही चांदी कोणासाठी? देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत झळकावे म्हणून असेल, किंवा शेजारच्या चर्चपेक्षा आपले चर्च उजवे दिसावे म्हणून असेल, तर शुद्ध चांदीसुद्धा खोटी ठरते. प्रभूच्या देहरक्ताच्या संस्कारासाठी असेल, तर तिचा मान राखायलाच हवा. चषक मौल्यवान धातूचा असावा आणि धातू सोन्याहून हलका असल्यास त्याला आतून सोन्याचा मुलामा असावा, असे आजही ख्रिस्तसभेचे नियम सांगतात.

पण या मानालाही मर्यादा आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी युद्धात पकडलेल्या लोकांना सोडवण्यासाठी चर्चची पात्रे मोडून वितळवली. त्यावर टीका झाली, तरी ते डगमगले नाहीत. ज्या प्रभूसाठी पात्र घडवले, तोच प्रभू कैद्याच्या रूपात दाराशी उभा होता. संत अँब्रोज यांनी पात्रे मोडली आणि संत बर्नवर्ड यांनी घडवली. दोघांचे प्रयोजन मात्र एकच होते.

अखेरचे दिवस

बर्नवर्ड यांनी आपली वडिलोपार्जित संपत्ती संत मिखाएलच्या मठासाठी आणि चर्चसाठी वाहिली. २९ सप्टेंबर १०२२ रोजी, संत मिखाएलच्या सणाला, त्या चर्चचे पवित्रीकरण झाले. बांधकाम अजून पुरे व्हायचे होते. ११ नोव्हेंबरला त्यांनी बिशपपदाची भरजरी वस्त्रे उतरवून बेनेडिक्टाइन मठवासीयाचा साधा झगा अंगावर घेतला. त्यानंतर नऊ दिवसांनी, २० नोव्हेंबरला, त्यांनी देह ठेवला. आपल्या तारणाऱ्यावरील ईयोबाच्या श्रद्धेचे शब्द त्यांच्या थडग्यावर कोरलेले आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस पोप सेलेस्तीन तिसरे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

त्यांनी करवून घेतलेल्या कितीतरी वस्तू आज नाहीत. चरित्रात उल्लेखलेले स्फटिकाचे आणि सोन्याचे चषक, सोन्याचांदीने झळकणारे प्रचंड दीपवलय, सारे गेले. स्तंभाच्या माथ्यावरचा क्रूस सोळाव्या शतकात गेला, तर स्तंभाचा माथा सतराव्या शतकात वितळवला गेला. २२ मार्च १९४५ रोजी बाँबहल्ल्यात कॅथेड्रल आणि संत मिखाएलचे चर्च दोन्ही उद्ध्वस्त झाले. दरवाजे आणि इतर ठेवा आधीच हलवल्यामुळे वाचला. दोन्ही चर्चेस पुन्हा उभारली गेली आणि १९८५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. धर्मसुधारणेनंतर संत मिखाएलचे चर्च ल्युथरन बांधवांकडे गेले. त्याखालचे तळघर, जिथे बर्नवर्ड यांना पुरले, ते मात्र कॅथलिकांकडे राहिले. एकाच छपराखाली वर एक मंडळी आणि खाली दुसरी मंडळी त्याच प्रभूची आराधना करते.

बंधुभगिनींनो, आपल्या चर्चमध्येही वेदीची वस्त्रे धुणारे, शमादाने घासूनपुसून ठेवणारे, फुले मांडणारे हात आहेत. त्यांची नावे कोठेही कोरलेली नसतात. संत बर्नवर्ड यांच्या स्मरणाच्या या दिवसांत आपण त्यांना शोधून धन्यवाद देऊ या. आणि पुढच्या वेळी वेदीसाठी काही अर्पण करण्याचा विचार मनात आला, की आधी त्या दिवशी आपल्या वाड्यात कोणाची चूल पेटली नाही ते पाहून येऊ या. मग निःशंक मनाने वेदीकडे येऊ या. हिल्डेसहाइमच्या त्या बिशपांनी रोज हाच रस्ता धरला होता.

संत बर्नवर्ड, आमच्यासाठी विनंती करा.